पोरींची शाळा सुटू नये म्हणून महिन्याला रोख पैसे द्यायचे, कोणी केलंय का?

मोठीताई_वाठोडा :

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल, चहा घेऊन बसा.

आमची दहावीची बॅच २००० ची. पंचवीस वर्षं झाली म्हणून गेट-टुगेदर केलं, हॉल, फेटे, सावजी जेवण, डीजे सगळं होऊन ३८ हजार उरले आणि ते वाटून घ्यायचे की अजून एक सत्कार करायचा यावर ग्रुपवर चार दिवस जे चाललं ते विचारू नका. शेवटी आमच्यातली एक, जिचं सासर भिवापूर तालुक्यात आहे, तिने सांगितलं की तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे, आठवीपासून सात किलोमीटरवरच्या गावी जावं लागतं, आणि मागच्या दोन वर्षांत सातवी पास झालेल्या पोरींपैकी जेमतेम निम्म्या नववीत दिसतात. बाकीच्या कापसात, मिरचीत, नाहीतर घरी धाकट्या भावंडांमागे. फीचा प्रश्न नाही, मुलींना बारावीपर्यंत फी माफच आहे, आठवीपर्यंत पुस्तकंही मिळतात, तरी शाळा सुटते ती सुटतेच.

मग ठरलं की आपण दर महिन्याला काहीतरी द्यायचं. ३४ जण महिन्याला ३०० द्यायला तयार आहेत (आज तयार आहेत, सहा महिन्यांनी किती राहतील ते पांडुरंग जाणे), म्हणजे १०,२०० होतात. वीस पोरींना ५०० महिना.

आता मला विचारायचंय ते हे की रोख द्यायचे का सायकल-दप्तर-वह्या असं काही घेऊन द्यायचं? रोख दिले तर आईच्या हातात, बापाच्या का पोरीच्याच? हजेरीची अट टाकायची का? आणि पाचशे रुपयांनी खरंच कोणी शाळेत टिकतं का हे आपलं आपल्या मनाचं समाधान? ग्रुपवर एकजण म्हणाला पाचशेत आजकाल दोन पिझ्झे येत नाहीत, तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलंय. कोणी असं केलं असेल, किंवा स्वतःला असे पैसे मिळाले असतील, तर सांगा. लेक्चर नको, अनुभव हवा.

बर्डीचा_बंड्या :

ताई, भावना चांगली आहे पण रोख देऊ नका. एक तारखेला पाचशे बापाच्या खिशात आणि त्याच संध्याकाळी दारूच्या दुकानात. दप्तर द्या, वह्या द्या, २६ जानेवारीला शाळेत छोटा कार्यक्रम करा, फोटो काढा, विषय संपला.

मास्तर_रिटायर :

बंड्याभाऊ, पेनाऱ्याले पाचशेची वाट पाहा लागत नाई. थो दप्तर बी इकून पेते.

ताई, मी ३१ वर्षं झेडपीत काढली, भिवापूर, कुही, उमरेड, तिन्ही तालुके फिरलो. लिवतो तसं वाचून घ्या, शुद्धलेखन आता नातू तपासते माहं.

पहिले हे पाहा का पोरगी शाळा सोडते कवा. सारे म्हनतेत जूनमंधी सोडते, नाव घालत नाई. तसं नसते. जूनमंधी नाव घालतेच, आपल्या इकडं शाळा उघडतेच उशिरा, महिना सरता सरता, तवर पानी आलेलं राह्यते, नवे चप्पल, नवी वही, सारे खूश. दिवाळी झाली का कापूस फुटते. वेचनी किलोवर राह्यते, जितके हात तितके पैसे, मंग माय जाते तं पोरगी संगं जाते. पहिले नुसती शनवारची जाते, मंग सोमवारची बी जाते. थे सरत नाई तं मिरची येते. आमच्या भागात सातरे राह्यतेत, तिथं बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ तोडतेत, थे बी किलोवर. हजेरीपट घेऊन बसलो का मले दिसे, नोव्हेंबरपासून एकेका नावापुढं गैरहजरी लागत जाते आन संक्रांतीपर्यंत थे नाव नुसतं लिवाले राह्यते. पोरगी गावातच असते, रस्त्यानं भेटते, तोंड चुकवते. एक सातवीतली परीक्षेले येऊन बसली, पेपर कोरा ठेवून बसली होती, म्या म्हटलं काहून वं, तं तिनं हात पुढं केला. बोटं लाल, सुजेल. म्हने गुर्जी रात्रभर आग होते, तेल लावलं तरी, पेन धरवत नाई.

म्हनून माहं म्हननं असं का पाचशे सारखे बारा महिने वाटू नका. मे महिन्यात पाचशे देऊन काय कराचं हाय? जूनमंधी हजार द्या, वह्या-चपला-रेनकोट त्यात होते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, या चार महिन्यात हजार हजार द्या. एप्रिल-मे सोडून बाकीचे पाच महिने दोनशे. हिशोब करून पाहा, वर्षाचे तितकेच सहा हजार होते, तुमचा एक रुपया जास्त जात नाई.

आन एक गोष्ट. रोख पैशाची कल्पना काई नवी नाई, सरकारनं १९९२ पासून उपस्थिती भत्ता सुरू केला होता, पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या पोरींले दिवसाचा एक रुपया. हजेरी ७५ टक्के पाह्यजे. वर्षाचे भरून भरून २२० होये. सुरुवातीले मी सोता वाटले, माय दारात येऊन विचारे, मास्तर, आज पाठवली पोरगी, रुपया लिवला का? तवा रुपयाले वजन होतं. मंग वीस-पंचवीस वर्षं थोच रुपया. तेलाचा भाव कुठल्या कुठं गेला, रुपया तिथंच. शेवटी शेवटी खातं काढाले माय-लेकी तालुक्याले जाये तं त्याइचं तिकीटच भत्त्यापेक्षा जास्त होये. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचं बी तसंच, पाचवी ते सातवीले साठ रुपये महिना आन आठवी ते दहावीले शंभर, वर्षातले दहा महिने. मी नोकरीत होतो तवर मी त्याच आकड्याचे फॉर्म भरले. तुमी दरसाली रक्कम पाहत जाजा, एकदा ठरवून झोपून नका जाऊ.

काउंटर_नंबर_चार :

मी बँकेत आहे, कुठल्या ते सोडा. मास्तरांच्या पोस्टला हात जोडून.

ताई, कोणाच्या हातात या प्रश्नाचं उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने देते. दहा वर्षांच्या वरची मुलगी स्वतःच्या नावाने सेव्हिंग खातं काढू शकते आणि स्वतः चालवू शकते, हे रिझर्व्ह बँकेने कधीचं सांगितलंय, फक्त बऱ्याच ठिकाणी काउंटरवरचा माणूस म्हणतो वडिलांना घेऊन या. तुम्ही आईला घेऊन जा. खातं मुलीचं, मोबाईल नंबर आईचा. बापाचा नको, काकाचा तर अजिबात नको.

काकाचा का म्हणते ते ऐका. मागच्या वर्षी एक पोरगी आली होती, शाळेच्या ड्रेसमध्ये, पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. मॅडम, बॅलन्स सांगा म्हणाली, आई मागे उभी, पदर तोंडाला. एंट्री मारली तर २,४०० रुपये आलेले, दोन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता येऊन दीड वर्ष झालेलं. यांना पत्ताच नाही, कारण मेसेज काकाच्या नंबरवर जात होते आणि काका पुण्याला. त्या दीड वर्षात पोरगी शाळा सोडून परत शाळेत आली होती, एका बाईंनी आणून बसवली म्हणे. पैसे असून नसल्यासारखे. आईने मला विचारलं, हे परत तर नाही ना घेणार? मी नाही म्हटलं तर पोरगी हसली, आई नाही हसली.

सरकारी योजनेत अजून एक घोळ होतो. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि सरकारचे पैसे त्या खात्यात येतील असं मॅपिंग असणं वेगळं. पैसे जातात जिथे आधार शेवटचं मॅप झालं तिथे. मध्येच कोणीतरी गावात टेबल टाकून बसतो, अंगठा घेतो, नवीन खातं उघडतो, आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडते. तुमचे पैसे खाजगी आहेत, तुम्हाला ते काही नको, खाते नंबर आणि आयएफएससी टाका, संपलं. फक्त दर तीन महिन्यांनी पासबुक छापून घ्यायला सांगा, त्या निमित्ताने पोरगी बँकेत येते, खातं जिवंत राहतं. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. शिष्यवृत्तीची आणि अनुदानाची झिरो बॅलन्स खाती अशी निष्क्रिय करू नका असं रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय, पण परिपत्रक निघणं आणि काउंटरवरच्या माणसाने ते वाचणं यात अंतर असतं, मी आतून सांगतेय. आणि मुलगी अठराची झाली की नवीन केवायसी आणि सही द्यावी लागते, नाहीतर खातं अडकतं, नेमकं कॉलेजच्या अॅडमिशनच्या वेळी.

तुमच्या ग्रुपचे पैसे कोणा एकाच्या जीपेवर गोळा करत असाल तर आजच थांबवा. वेगळं खातं, दोघांच्या सह्या. मैत्री टिकवायची असेल तर.

बर्डीचा_बंड्या :

म्हणजे बाप बायपास. बरं, मान्य. पण मग एक सांगा, पोरांनी काय पाप केलं? कापूस पोरं पण वेचतात. एका घरात बहिणीला पाचशे आणि भावाला काही नाही, घरात भांडणं लावून देणार तुम्ही.

रात्रपाळी_बुटीबोरी :

बंड्या भाऊचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तो बांगलादेशात खरंच आला होता. मी आधी काही वर्षं याच कामात होतो, आता प्लांटवर आहे, रात्री वाचायला वेळ मिळतो म्हणून लिहितो.

बांगलादेशाने १९९४ पासून देशभर खेड्यातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना स्टायपेंड सुरू केला. पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात, फी सरळ शाळेला. अटी तीन, ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के मार्क, आणि लग्न न झालेलं असणं. काही वर्षांत माध्यमिक शाळेत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली, त्यामागे कारणं बाकीही होती, रस्ते आले, कपड्यांच्या कारखान्यात नोकऱ्या आल्या, पण स्टायपेंडचा वाटा मोठा. मग पुढे गरीब घरच्या मुलांनाही त्यात घ्यावं लागलं. आणि लग्नाच्या अटीचं म्हणाल तर बालविवाह तिथे आजही भरपूर आहेत. म्हणजे पैशाने पोरगी शाळेत आली, लग्न थोडं पुढे गेलं, पण सुटलं नाही.

रोख का वस्तू, याचं मला आवडणारं उदाहरण बिहारचं आहे. २००६ मध्ये तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून मोजलं, तर मुलींचं माध्यमिक शाळेतलं नाव-दाखल ३२ टक्क्यांनी वाढलं. आणि वाढ झाली कुठे, तर जिथे हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा लांब होतं तिथे. जवळ शाळा असलेल्या गावात सायकलने फारसा फरक पडला नाही. तुमच्या गावाचं अंतर सात. म्हणजे सायकल चालेल? चालेलही, पण भिवापूरचा रस्ता आणि अंधार पडायची वेळ पाहून ठरवा. बिहारमध्ये पोरी घोळक्याने जायच्या, एकटीने सायकल मारणं वेगळं आणि पंधरा जणींनी मारणं वेगळं.

आता अट. यावर आफ्रिकेत मलावी देशात झोंबा नावाच्या जिल्ह्यात २००८-०९ मध्ये फार छान प्रयोग झाला. काही मुलींना पैसे हजेरीच्या अटीवर, काहींना बिनअटीचे. शाळा सुटण्याचं प्रमाण अटवाल्यांत जास्त कमी झालं, अटीने काम केलं. पण बिनअटवाल्यांत लवकर लग्न आणि लवकर दिवस जाणं हे बरंच कमी झालं, आणि तो सगळा फरक ज्या मुलींची शाळा सुटलीच होती त्यांच्यात होता. अटवाल्या गटात शाळा सुटली की पैसेही बंद, म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तिचंच बंद. माझं मत विचाराल तर हजेरी पाहा, पण हजेरी कमी दिसली की पैसे कापायच्या आधी कोणीतरी घरी जाऊन यावं. तुमची ती सासरवाली मैत्रीण आहेच.

आणि अठराव्या वर्षी एकरकमी द्यायचा मोह टाळा. हरियाणाने १९९४ मध्ये अपनी बेटी अपना धन काढलं होतं, मुलगी अठराची होईपर्यंत बिनलग्नाची राहिली की पंचवीस हजार. पैसे हातात आले तेव्हा बऱ्याच घरांनी ते लग्नातच घातले. आपल्याकडची लेक लाडकी घ्या, पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी, जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. पण सहावीनंतर पुढचा हप्ता थेट अकरावीत, मधली पाच वर्षं काहीच नाही, आणि मास्तर म्हणतात ती गळती बरोबर त्या पाच वर्षांत. तसंही ही योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्यांची, तुमच्या आठवीतल्या पोरींना तिचा उपयोग नाही.

बर्डीचा_बंड्या :

बापरे. प्लांट चालू आहे ना भाऊ?

रात्रपाळी_बुटीबोरी :

चालू आहे, सुपरवायझर झोपलाय.

नाइटड्युटी_सिस्टर :

मी वाचून सोडून देणार होते पण ताईंनी विचारलं की ज्यांना मिळाले त्यांनी सांगा, तर सांगते.

मला एनएमएमएस मिळाली होती, आठवीत जी परीक्षा होते तिची शिष्यवृत्ती. माझ्या वेळी महिन्याला ५०० होते, वर्षाचे सहा हजार, आता हजार झालेत. गाव कुही साइडचं, घरी आम्ही तिघी बहिणी, बाबा दुसऱ्याची शेती ठोक्याने करायचे. निकाल लागला, सरांनी घरी पेढे आणले, आणि मग पैसे आलेच नाहीत. नववी गेली, दहावी गेली, अकरावीत असताना एकदम आले. मोबाईल घेतला का विचाराल तर नाही, घराचं छप्पर केलं.

पण ऐका. नववीत असताना दिवाळीत माझ्यासाठी स्थळ आलं होतं, मौद्याकडचं, चांगलं होतं म्हणतात, मुलाची कंपनीत नोकरी. आजी तयार होती, आई अर्धी तयार. बाबा म्हणाले, पोरीचे सरकारकडून पैसे येऊन राहिले, आता शाळा सोडली तर सारे बुडतील. खात्यात तोपर्यंत एक रुपया नव्हता. ते न आलेले पैसे आमच्या घरात दोन वर्षं कामी आले. बाबांना नाही म्हणायचंच होतं बहुतेक, त्यांना एक कारण पाहिजे होतं जे आजीसमोर आणि पाहुण्यांसमोर सांगता येईल. माझं मन होत नाही असं सांगितलं असतं तर लोक हसले असते. पैसे बुडतील हे सगळ्यांना समजतं.

म्हणून ताई, तुम्ही एक कागद द्या. छापील, शिक्का-बिक्का मारून, की इतक्या वर्षांसाठी इतके मिळणार. दहावीपर्यंत म्हणजे दहावीपर्यंत. तो कागद घरी कपाटात राहतो.

आणि त्या पिझ्झावाल्या दादांसाठी. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, बरोबर. पण शाळा सुटायची पाचला आणि बस साडेचारला. जादा तास असला, प्रॅक्टिकल असलं, किंवा बसच आली नाही, की ऑटो. वीस रुपये. महिन्यात सात-आठ वेळा लागायचा, दीडशे गेले. पॅड पन्नास-साठ, आम्ही तिघी होतो म्हणून तिप्पट, नाहीतर त्या चार दिवसांत घरीच, आणि सलग चार दिवस घरी राहिलं की गणित सुटतं, मग पाचव्या दिवशी जायचीच लाज वाटते. वही, पेन, झेरॉक्स. हे सगळं घरी मागावं लागत नाही एवढंच पाचशेत होतं. घरी मागितलं की आधी विचारतात कशाला, मग म्हणतात पुढच्या आठवड्यात. पाचशे म्हणजे तेवढं.

अजून एक, हे खूप महत्त्वाचं आहे. तुमच्या पैशातले थोडे आठवीच्या पोरींना एनएमएमएसच्या तयारीला लावा. झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असावं लागतं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. दोन पेपर, बुद्धिमत्ता आणि शालेय विषय, ९० ९० प्रश्न, ९० ९० मिनिटं. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या की अर्धं काम होतं, आमच्या सरांनी रविवारी घेतल्या होत्या, शाळेच्या व्हरांड्यात. पोरगी लागली तर बारावीपर्यंत वर्षाचे १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. फक्त दर वर्षी रिन्यूअलचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि पोरी तिथेच राहून जातात, तेवढं कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे.

मास्तर_रिटायर :

सिस्टर, शाबास. कोन्या शाळेची हाय थे विचारत नाई, पन रविवारी व्हरांड्यात पेपर घेनारे मास्तर मले दोन-तीनच ठाऊक हायेत.

बसचं बरोबर हाय. कोरोनानंतर शाळा उघडली नाई उघडली तं एसटीचा संप लागला, दिवाळीपासून थो एप्रिलपर्यंत चालला. पास होता हातात आन गाडी नाई. त्या एका वर्षात माह्या शाळेच्या पास झालेल्या पोरी जितक्या घरी बसल्या तितक्या त्याच्या पहिलेच्या पाच वर्षांत मिळून बसल्या नसतील. पोट्टे गेले, कोनाच्याही गाडीवर लटकून गेले. पोरीले कोनी लटकू देत नाई. बंड्याभाऊ, पोरांनं काय पाप केलं त्याचं उत्तर हे घ्या.

बर्डीचा_बंड्या :

घेतलं.

मोठीताई_वाठोडा :

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलं की मला रविवारी गावालाच जावं लागलं. आम्ही चौघी गेलो, सोबत चिवडा आणि तुमच्या पोस्टचे स्क्रीनशॉट.

देवळाच्या ओट्यावर अकरा पोरी येऊन बसल्या, सातवी ते नववी. आधी कोणी तोंड उघडेना, माना खाली, एकमेकींना कोपरं. आयांना आम्ही मुद्दाम पलीकडे दुसऱ्या मैत्रिणीजवळ बसवलं होतं. मग मी विचारलं की शाळेत जायला काय अडतं, तर सगळ्यांचं एकच, काही नाही. नंतर चिवडा वाटता वाटता एकेक निघालं. सकाळची गाडी भरून येते आणि थांबतच नाही, ड्रायव्हर हात दाखवून निघून जातो. परत यायला सिस्टर म्हणतात तेच. सायकल नको म्हणाल्या, एकदम, अकराच्या अकरा. का तर मधे नाला आहे, पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून जातं, आणि मधल्या फाट्यावर पोरं बसलेली असतात. बिहारचं उदाहरण मी मनात तिथेच घडी घालून ठेवलं. ऑटो एकच आहे गावात आणि त्याचा मालक त्यातल्याच एकीचा मामा, तो महिन्याचं ठरवून न्यायला तयार आहे, पण भाव जरा विचार करून सांगतो म्हणाला.

आणि एक आठवीतली, आतापर्यंत एक शब्द नाही बोललेली, निघताना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, काकू, पैसे द्यायचे तर द्या पण शाळेत नाव वाचून नका देऊ. मी विचारलं का गं. तर म्हणाली मागे कोणीतरी ड्रेस वाटले होते, माइकवर नाव घेऊन, मग वर्षभर पोरं तेच नाव घेऊन चिडवायची, तिने तो ड्रेस घातलाच नाही.

तर आमचं सध्या असं ठरलंय. मास्तरांचा हिशोब जसाच्या तसा, जूनमध्ये हजार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हजार, बाकी दोनशे, मुलीच्या खात्यात, नंबर आईचा. कार्यक्रम नाही, माइक नाही. कागद द्यायचा, सिस्टरने सांगितला तसा, शिक्का कशाचा मारायचा हे अजून ठरत नाहीये कारण बॅचचा शिक्का नसतो, एकजण म्हणतोय मी माझ्या हार्डवेअरच्या दुकानाचा मारतो. अट म्हणून हजेरी बघायची पण आधी घरी जायचं. वीसच्या ऐवजी सतरा पोरींना द्यायचे आणि उरलेल्यातून एनएमएमएसचे पेपर आणि ऑटोला थोडी भर, मामांनी भाव सांगितला की कळेल.

मास्तर, तुम्ही रविवारी यायला तयार आहात का, महिन्यातून दोनदा? जायचं-यायचं आम्ही बघू.

मास्तर_रिटायर :

येतो. संगं फळा आना, तिथचा फुटला असन. आन थ्या मामाले मी बोलतो, थो माह्याच हाताखालून गेला असन, चौथीत दोनदा नापास.

बर्डीचा_बंड्या :

ताई, फोटोचं मीच बोललो होतो, ते मागे घेतो. माझे पण ३०० धरा महिन्याचे. कुठे टाकायचे?

मोठीताई_वाठोडा :

बंड्याभाऊ, खातं अजून उघडलं नाही. दुसरी सही कोणाची यावरून ग्रुपवर परत तिसरा दिवस चालू आहे.